व्हेज प्रोटीन

"गहू नुसता ताटात शोधू नका," असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं.

खारूच्या आईनं मान डोलावली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत ते वाक्य तिच्या डोक्यातून उतरलंही होतं. तिची तरी काय चूक? खांद्यावर झोपलेलं मूल, हातात औषधांची चिठ्ठी, आणि डोक्यात अख्खं स्वयंपाकघर: कुठल्या डब्यात काय आहे, काय फेकायचं, काय शेजारी द्यायचं. त्यात नवरा म्हणाला, "ताटात नाही तर काय पलंगाखाली शोधायचा? केरसुणी घेऊ का?" त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली, आणि त्या हसण्यावर डॉक्टरीणबाईंचा इशारा भुर्रकन उडून गेला.

खारूचं खरं नाव फक्त कागदोपत्री. पहिले दोन दात आले तेव्हापासून ती दिसेल ते कुरतडायची. टीव्हीचा रिमोट, आजीच्या चष्म्याचं घर, पाळण्याची कड, बाबाच्या चपलेचा अंगठा. म्हणून खार, आणि लाडानं खारू. एकदा तिनं आजीच्या हातातलं बिस्किट पळवलं आणि बघता बघता ओठ असे सुजले, की चिमुकल्या तोंडावर कुणी दुसऱ्याचेच ओठ आणून चिकटवलेत असं वाटावं. तपासण्या झाल्या. निदान झालं. गहू तिला सोसत नाही.

झालं! त्या दिवसापासून घरात कस्टमचं ऑफिस उघडलं. आई दारात उभी राहून येणारी प्रत्येक पिशवी तपासायची. पीठ गेलं, पाव गेला, शेवया गेल्या. सूपच्या पाकिटामागची मुंगीएवढी अक्षरं ती मोबाइलचा दिवा पाडून वाचायची. सॉसच्या बाटलीत गहू सापडला तेव्हा तिला चोर पकडल्याचा आनंद झाला आणि रात्रभर झोप लागली नाही, दोन्ही एकदमच.

"अगं, आता श्वास घेताना तरी तुझी परवानगी नको ना?" सासूबाई म्हणायच्या. पण स्वतः त्यांनीच आपला आवडता टोस्टचा डबा मुकाट्यानं शेजारी नेऊन दिला होता.

सगळी नजर अशी तोंडात जाणाऱ्या गोष्टींवर. आणि उपयोगही झाला. खारूचे गाल पुन्हा मऊ, नितळ झाले, ती रात्रीची झोपू लागली. आईनं हुश्श केलं.

आणि मग आत्या आली.

आत्या म्हणजे खारूच्या बाबाची धाकटी बहीण. केस कापायचं, धुवायचं, रंगवायचं तिचं काम, बाजारातल्या मोठ्या सलूनमध्ये. हात जेवढा झरझर चालायचा त्याहून जीभ, म्हणून भावानं लहानपणीच नाव पाडलं होतं कात्री. राहायची एकटी, सलूनच्याच वरच्या खोलीत, आणि फुरसत मिळाली की थेट भाचीकडे. दारातूनच ओरडायची, "माझी खार कुठाय गं?" आणि आतून खारू अशी काही किंचाळायची, की खालच्या मजल्यावरच्यांना वाटावं, दूधवाला पडला.

"आली कात्री," भाऊ पेपरातून डोकं न काढता म्हणायचा. "आता तासभर कुणाचं काही ऐकू येणार नाही."

"तुझं तरी एरवी कोण ऐकतं, दादा?"

पण वागायला मोठी काटेकोर. सलूनचं कसलं कसलं अंगाला लागलेलं असतं, म्हणून आधी न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात घासायची, ऑपरेशनला निघालेल्या सर्जनसारखे वर धरून बाहेर यायची, आणि पर्समधल्या डबीतलं क्रीम दोन्ही तळव्यांना चोळायची. "दिवसभर पाण्यात असतात गं वहिनी हात, काथ्यासारखे झालेत. पोरीचं कातडं सोलून निघायचं." मग खारूला बगलेत धरून उचलायची, आणि खारू लगेच तिची वेणी तोंडात घालायची. लांब, जाड, चकचकीत वेणी. दुकानाची जाहिरातच ती. तिचं शेपूट चोखत खारू मांडीवर अशी पडून राहायची, की बाकी जग गेलं खड्ड्यात.

पहिल्यांदा गालावर लाली आली, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. दुसऱ्यांदा ओठ फुगले. तिसऱ्यांदा आईनं खारूचं झबलं काढलं आणि ती पाहतच राहिली. दोन्ही बगलांखाली गांध्या उठल्या होत्या, लालभडक, लांबट, शेजारी शेजारी. कुणाच्या तरी बोटांसारख्या.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. पण पुढच्या खेपेला ती डोळ्यांत तेल घालून बसली. आत्या येण्याआधी नितळ. आत्या गेल्यावर गांध्या. मधे कुणी काही भरवलं नाही, काही सांडलं नाही. शंकेला जागाच उरली नाही, आणि संशय घ्यायचा तर तो कुणावर! जिनं या पोरीला जन्मल्या दिवशी आईच्याही आधी हातात घेतलं होतं, तिच्यावर.

तिनं सरळ आत्यालाच फोन लावला. "रागावू नकोस हं, आत्याबाई. तू काय काय लावतेस ते मला सांग."

"रागावते कशाला? विचार." आत्यानं सगळं सांगितलं. अत्तर, पावडर, केसांचा रंग. आईनं एकेक खोडून काढायला घेतलं.

"आणि ते हाताचं क्रीम?"

"ते दुकानातच कालवतो आम्ही. साधं क्रीम, त्यात व्हेज प्रोटीनचे थेंब. एकदम शुद्ध आहे गं, प्राण्याचं काही नाही त्यात."

"प्रोटीन कसलं?"

"सोयाबीन-बियाबीन असेल."

सोयाबीन खारूला चालायचं. आईनं क्रीमवर मनातल्या मनात बरोबरची खूण केली आणि पुढं गेली. अत्तर बंद झालं. फरक नाही. आत्या सलूनचे कपडे बदलून आली. फरक नाही. शेवटी आत्या म्हणाली, "थांबा, आता सोक्षमोक्षच लावते." सुट्टीच्या दिवशी ती सलूनमध्ये पाऊलही न ठेवता आली. डोक्यावरून न्हालेली, केस दोनदा धुतलेले, कपडे कोरे करकरीत, हात घासघासून लाल केलेले. इतकी स्वच्छ आत्या त्या घरानं कधी पाहिली नव्हती.

त्या दिवशी खारूचा नुसता ओठ सुजला नाही, डोळाही मिटला. श्वासाला बारीक शिट्टी यायला लागली. औषध पाजून, तिला छातीशी धरून, आई आणि बाबा रिक्षानं दवाखान्याकडे पळाले.

परत आले तेव्हा खारू शांत झोपली होती, आणि घरात कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. आत्या दाराजवळच्या खुर्चीवर, हात मांडीखाली दाबून बसलेली. सासूबाई बोलल्या, आणि त्या बोलल्या ते स्वतःच्या पोटच्या लेकीला.

"काही दिवस नको येऊस गं तू. तुझं अंगच सोसत नाही तिला."

आत्या हसली. "केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच का गं आई?" आणि उठली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिच्या ध्यानातही आलं नाही, की एका पायात आपली चप्पल आहे आणि एका पायात वहिनीची.

मग ती यायची बंद झाली. फोनच्या पडद्यावर दिसायची तेव्हा खारू पडदा चाटायची, आणि आत्या पलीकडून म्हणायची, "चाट, चाट! काचेतून नाही सुजायची." पण हळूहळू तेही कमी झालं. "गर्दी आहे दुकानात," म्हणायची. एक दिवस तिनं भावाला सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की सलूनच्या मालकीण मॅडम दुसऱ्या गावात नवीन सलून काढताहेत, तिथं कुणीतरी भरवशाचं हवंय. याआधी दोनदा तिनं नाही म्हटलं होतं.

"या वेळी काय म्हणालीस?"

"विचार करते म्हटलं. इथं अडवायला आहे कोण आता?"

नवऱ्यानं हे जेवताना सांगितलं आणि पाण्याचा पेला उगाच फिरवत बसला. खारूच्या आईनं ताट बाजूला सारलं. पोरगी बरी होती, घर निर्धास्त होतं, पण हे सगळं कुणाची किंमत देऊन? आणि मुख्य म्हणजे, कोडं सुटलेलं नव्हतं. न सुटलेलं कोडं तिला चपलेत गेलेल्या खड्यासारखं टोचायचं.

तिची पदवी इतिहासाची. रसायनांशी तिचा संबंध भांडी घासण्यापुरता. पण इतिहासाच्या सरांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवली होती: काय घडलं याच्याआधी, कशानंतर काय घडलं ते विचारा. कपड्यांच्या घड्या घालताना ती तेच घोळवत होती. आत्या कामावरून येऊन नुसते हात धुवायची, तेव्हा गांध्या. कपडे बदलून आली, तरी गांध्या. न्हाऊन, दोनदा केस धुऊन आली तर दवाखाना. जितकी स्वच्छ, तितकी वाईट. म्हणजे धुतल्यानं काही जात नव्हतं. मग धुतल्यानंतर काय येत होतं?

तिच्या हातातलं झबलं अर्ध्या घडीतच राहिलं.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "खारूला जरा सांभाळाल? मी केस कापून येते."

सासूबाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. खारू झाल्यापासून या बाईनं आरशातसुद्धा धड पाहिलं नव्हतं. "जा," त्या म्हणाल्या. आणि मग पाठमोऱ्या होऊन, "कात्रीला म्हणावं, जेवत जा वेळेवर."

सलूनमध्ये शॅम्पूचा, गरम केसांचा आणि ओल्या टॉवेलांचा वास कोंदलेला. खुर्च्या भरलेल्या, एक बाई गरम हवेच्या टोपाखाली मासिक वाचत बसलेली, मॅडम गल्ल्याशी. आत्यानं वहिनीला दारात पाहिलं आणि तिच्या हातातला कंगवा थबकला.

"खारू बरी आहे ना?"

"ठणठणीत. सोफ्याचा पाय कुरतडतेय. मी केस धुवायला आलेय. मोठ्या गिऱ्हाइकांना करतेस ते सगळं मला कर, आणि काय करतेस ते सांगत जा."

"का? दुकान काढतेस?"

"काढीन. तुला नोकरीला ठेवीन."

"पगार परवडायचा नाही तुला," आत्या म्हणाली, पण डोळे हसले. वहिनीला तिनं न्हाणाच्या खुर्चीत मागं रेलवलं, मान भांड्याच्या खाचेत टेकवली. कोमट पाणी आलं. कितीतरी दिवसांनी दुसऱ्या कुणी तिचं डोकं हातात धरलं होतं. क्षणभर तर ती कशाला आलीय तेच विसरली.

"हा शॅम्पू. मळ काढतो, पण केसांचं तेजही काढतो. म्हणून आता हे." आत्यानं वाडग्यात पांढरं, दाट कंडिशनर ओतलं आणि फडताळावरच्या छोट्या बाटलीतून थेंब टाकले. पातळ, मधाच्या रंगाचे.

आईची मान खाचेतून वर आली. "हे काय?"

"झोप गं, पाणी जाईल कानात. तेच ते, व्हेज प्रोटीन."

"ते करतं काय?"

आत्याला हा प्रश्न आवडला. कामाबद्दल विचारणारं तिला घरात कुणी भेटायचं नाही. "बघ, केस म्हणजे मेलेली गोष्ट. त्याला खायला घालून उपयोग नाही. लोकांना वाटतं प्रोटीन म्हणजे खाऊ. हा खाऊ नाही, पांघरूण आहे. केसावर असं पातळ चिकटून बसतं, आणि हवेतलं पाणी धरून ठेवतं. म्हणून केस मऊ, म्हणून चमक. कातड्यावरही तसंच. क्रीममध्ये घालतो, वाळलेल्या केसांवर फवारायच्या पाण्यात घालतो. माझ्या वेणीला तर रोज."

"न्हाल्यावर?"

"न्हाल्यावरच. मळक्या केसांवर कशाला वाया घालवू?"

"आणि हे काढतात कशातून?"

"सांगितलं ना? व्हेजमधून."

"व्हेज म्हणजे कशातून?"

"व्हेज म्हणजे…" आत्याचे हात केसांतच थांबले. "म्हणजे नॉनव्हेज नाही ते!"

शेजारच्या खुर्चीवरची मुलगी फसकन हसली. टोपाखालच्या बाईनं मासिक खाली केलं. "व्हेजिटेबल म्हणजे भाजी. भाजीचं असणार. पालकाचं असेल."

"पालकाचं असतं तर आतापर्यंत आपण सगळ्या हिरव्या झालो असतो काकू," आत्या म्हणाली.

"पण तू तर मला सोयाबीन म्हणाली होतीस!"

"मी अंदाजानं म्हटलं गं. प्रोटीन म्हटलं की सोयाबीनच आठवतं."

आईनं डोकं वळवून त्या बाटलीकडे पाहिलं. कंपनीचं लेबल नव्हतंच. जाड पेनानं हातानं लिहिलेली पट्टी: व्हेज प्रोटीन. शेजारी एक पान काढलेलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," गल्ल्यावरून मॅडम म्हणाल्या. "काय करणार? मागं केराटीन आणलं होतं, तर एका बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, खूर-शिंगं उकळून आमच्या डोक्याला लावता का? चार गिऱ्हाइकं उठून गेली. तेव्हापासून मी वनस्पतीचंच मागवते आणि बाटलीवर स्पष्ट लिहिते. कुणाला शंका नको."

"पण कुठली वनस्पती?"

मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. वर्षानुवर्षं तोच माल, त्याच माणसाकडून. "मोठा कॅन मागे आहे बघ. टॉवेलांच्या कपाटाखाली. त्यावर असेल काहीतरी."

डोक्याला टॉवेल गुंडाळून, मानेवरून पाण्याचे ओघळ येत असताना, खारूची आई मागच्या खोलीत गेली. कपाटाखाली पांढरा कॅन होता. नळ पुढं यावा म्हणून त्याची लेबलाची बाजू भिंतीकडे फिरवलेली. ती जमिनीवर बसली, दोन्ही हातांनी कॅन वळवला, आणि सवयीनं मोबाइलचा दिवा पाडला. पण गरजच नव्हती. सूपच्या पाकिटासारखी मुंगीएवढी अक्षरं नव्हती ती. चांगली बोटभर होती.

हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन.

व्हे आणि व्ही. एका मात्रेचं अंतर. ताटाबाहेर शोधा म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई, आणि ती बसली होती सॉसच्या बाटल्या उलट्या करत. इकडे तिच्या लेकीनं महिनोन्महिने आत्याच्या वेणीतून गहू चोखला होता.

कॅन पोरासारखा काखेत मारून ती बाहेर आली. अवतार बघून मॅडम उभ्याच राहिल्या.

"काय गं? किडे झालेत त्यात?" आत्यानं विचारलं.

"गहू आहे, आत्याबाई. हा गहू आहे."

आत्यानं कॅनवरची अक्षरं वाचली. मग आपल्या हातांकडे पाहिलं, मग पुढं ओढून वेणीकडे. आणि दोन्ही हात असे अंगापासून लांब धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि तिला नुसते सांभाळायला दिलेत.

"म्हणजे मीच…" ती म्हणाली. "हात धुऊन, मुद्दाम, तिला टोचू नये म्हणून…"

"तुला काय माहीत?"

"गव्हाबरोबर किडे रगडतात म्हणे, वहिनी. इथं किडाही मी आणि गहूही मीच." तिला हसायचं होतं, पण आवाज मधेच वाकला.

आईनं कॅन खाली ठेवला आणि तिचे हात धरले. आणि तेव्हा, धरल्यावर, तिला ते दिसले. आजवर हे हात तिनं नेहमी पाहिले होते ते क्रीम चोळलेले, नाहीतर खारूभोवती. आता नुकतेच कंडिशनरमधून निघालेले, ओले, उघडे. बोटांच्या बेचक्यांत भेगा. मनगटावर, रंग लावतानाचा हातमोजा संपतो तिथं, गांध्या. लालभडक, लांबट.

या गांध्या तिच्या ओळखीच्या होत्या. झबल्याखाली तिनं त्या मोजायच्याच काय त्या बाकी ठेवल्या होत्या.

"हे कधीपासून?"

आत्यानं हात काढून घेतले. "हात दाखवून अवलक्षण कशाला? पाण्यातलं काम आहे. सगळ्याच जणींचे होतात."

"माझे नाही होत," शेजारच्या खुर्चीमागं काम करणारी मुलगी म्हणाली, आणि आपले हात पुढं करून दाखवले. भेगा होत्या. गांध्या नव्हत्या.

"अजून काय होतं तुला? खरं सांग. मी केस धुवायला नाही, चौकशीला आलेय."

"ते कळलंच मला तू झोपेना तेव्हा." आत्या टॉवेलाचं टोक पिळत राहिली. "काही नाही गं. परवा पाव खाल्ला आणि बस सुटत होती म्हणून धावले, तर डोळे सुजले. श्वास कोंडला जरा. बसमधल्या एकीनं पाणी दिलं. याआधीही झालं होतं एकदा. वय झालं, दुसरं काय! पावच सोडून दिला मी."

"वय झालं म्हणे! माझ्याहून लहान आहेस. आणि हे कुणाला सांगितलंस?"

"सांगणार कुणाला? खारूचं चाललं होतं ना सगळं."

गेले कित्येक दिवस खारूच्या आईनं मुलीच्या अंगावरचा तीळसुद्धा नजरेखालून घातला होता; हिच्याकडे सगळ्या घरानं पाहिलं ते फक्त आरोपी म्हणून. बसमागे धावताना, कोंडलेल्या श्वासानं, अनोळखी माणसांत ही कोसळली असती तर? आणि आता ही दुसऱ्या गावी जायला निघालेली. तिथं नवी खोली, नवं दुकान आणि फडताळावर तीच बाटली.

"पर्स घे," ती म्हणाली. "मॅडम, हिला मी नेतेय."

"अगं पण तुझे केस! कंडिशनर तसंच आहे डोक्यात!"

ते मात्र खरं होतं. मॅडमनी स्वतः बाह्या सरसावून ते डोकं साध्या पाण्यानं तीनदा धुतलं. आत्याला कुणी जवळ येऊ दिलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी कॅनचा फोटो मोठा करून पाहिला, आणि भुवया उंचावल्या. गव्हातलं प्रोटीन तोडून त्याचे बारीक तुकडे करतात, त्या म्हणाल्या, म्हणून ते पाण्यात विरघळतं आणि केसांना, कातड्याला धरून राहतं. बहुतेकांना काही होत नाही. पण खारूसारख्या मुलांचं शरीर त्या तुकड्यांनाही ओळखतं. "चोराचं बोट सापडलं तरी पोलीस ओळखतात ना, तसं." मग चष्मा काढून त्या आत्याकडे वळल्या. "आणि काही जणांचं कातडं रोज रोज हे लावून गव्हाशी वैर शिकतं. आधी हातावर. मग पोटातला गहूही चालेनासा होतो, आणि खाऊन धावपळ केली की जास्तच. तुम्ही बसा इथं. तुमच्या तपासण्या करायच्यात. तोवर ना तो कॅन, ना पाव."

"माझ्या?" आत्यानं मागं वळून पाहिलं. तिच्या मागं कुणी दुसरी बसली असेल असं तिला वाटलं असावं.

तपासण्यांत तेच निघालं.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या हातातलं काम टाकून उठल्या. मग आत गेल्या, आणि स्वयंपाकघरातून डबे सरकवल्याचे आवाज येऊ लागले. "काय करताय आई?" सुनेनं विचारलं. "लेकीचा डबा काढतेय," त्या म्हणाल्या. "पाव नाही खायचा तर दुपारी ती खाणार काय? दगड? इतके दिवस काय खात होती देव जाणे. मी विचारलंही नाही."

मॅडमनी थोडी कुरकुर केली, मग बाटल्यांवरच्या पट्ट्या सोलून काढल्या आणि कॅनवर होतं ते जसंच्या तसं लिहिलं. गव्हाचा माल आत्याच्या बाजूला न्यायचा नाही असं ठरलं. दुसऱ्या गावाच्या सलूनला टोपाखालच्या काकूंची भाची गेली.

आणि डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर, एका रविवारी, आत्या आली. वेणी साध्या पाण्यात खळखळून धुतलेली, केस राठ, उडालेले, चमक पार गेलेली. "जाहिरात बंद पडली तुझी," भाऊ पेपराआडून म्हणाला. "आता सुतळी विकायला बस."

"सुतळी तर सुतळी. आण इकडे तिला."

खारूनं वेणीचं शेपूट पकडलं, नवी चव पाहून तोंड वाकडं केलं, आणि तरीही चावायला घेतलं. सगळे पाहत बसले. आई गुडघ्यावर, सासूबाई दारात, बाबाचा पेपर उलटा. औषधाची बाटली टेबलावर, झाकण सैल करून ठेवलेली. ओठ लाल झाले का? नाही. गाल? नाही. बराच वेळ गेला आणि काहीच झालं नाही. शेवटी खारूच कंटाळून झोपली, आणि आत्या हलेना, कुणाला बोलूही देईना.

तेव्हापासून खारूच्या आईला एक खोड लागलीय, आणि ही गोष्ट वाचणाऱ्या तुम्हालाही ती लागावी असं तिचं मागणं आहे. पुढच्या वेळी तुम्ही न्हाणाच्या खुर्चीत मागं रेलाल आणि कुणी तुमचं डोकं हातात घेईल, तेव्हा लगेच डोळे मिटू नका. आधी तिचे हात बघा. मनगटापाशी, हातमोजा संपतो तिथं बघा. आणि विचारा तिला: हे कधीपासून? काही खाल्लं की डोळे सुजतात का, दम लागतो का? ती म्हणेल, काही नाही हो, पाण्यातलं काम आहे. तेवढ्यावर सोडू नका. अजून एकदा विचारा.